सोन्याच्या नॅनोकणांची जाळी बसवायची आणि तिचा स्पेक्ट्रम वाचायचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत

सोन्याचे २० नॅनोमीटरचे कण पाण्यात असले की पाणी माणकासारखं लाल दिसतं. फॅरडेने १८५७ मध्येच असे द्रव बनवून सांगितलं होतं की हा रंग सोन्याच्या अतिबारीक कणांमुळे येतो, आणि गुस्ताव मी याने १९०८ मध्ये त्याचं गणित मांडलं. पण तेच कण, जरा मोठे घेऊन, बारीक खड्ड्यांची नक्षी असलेल्या पृष्ठभागावर एकसारख्या अंतरावर ओळीने बसवले की काहीतरी वेगळंच होतं. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे प्रत्येक तरंगलांबीला किती प्रकाश येतो त्या आलेखात, एकट्या कणांच्या शंभरएक नॅनोमीटर रुंद पसरट कुबडाशेजारी एकदम बारीक, टोकदार डिप (खळगा) येते, कधीकधी दहा नॅनोमीटरपेक्षाही अरुंद, आणि तिची जागा कणापेक्षा मांडणीच जास्त ठरवते. हे सगळं हाताने कसं करायचं ते इथे लिहितोय, कारण सिद्धांत सगळीकडे मिळतो पण डिप का दिसत नाही हे कोणी धड सांगत नाही, आणि माझे स्वतःचे कितीतरी आठवडे त्यातच गेलेत.

आधी रंग कोणाचा ते वेगळं करा

जाळीच्या स्पेक्ट्रममध्ये तीन जणांची कामं एकमेकांत मिसळलेली असतात, एक म्हणजे एकटा कण, दुसरी शेजारच्या कणांमधली फट आणि तिसरा जाळीचा पीरियड, म्हणजे एका कणाच्या मध्यापासून शेजारच्या कणाच्या मध्यापर्यंतचं अंतर. हे डोक्यात वेगळं केल्याशिवाय एकही सॅम्पल बनवू नका, नाहीतर जे दिसेल त्याला पाहिजे ते नाव देता येतं आणि मग तसंच होतं.

एकट्या कणाचं असं असतं की धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राबरोबर मागेपुढे डोलतात आणि एका ठराविक तरंगलांबीला ते डोलणं सगळ्यात जोरात होतं, यालाच लोकलाइज्ड प्लाझमॉन म्हणतात. पाण्यात २० नॅनोमीटरच्या सोन्याला ही जागा ५२० नॅनोमीटरच्या आसपास असते, १०० नॅनोमीटरच्या कणाला ५७० च्या आसपास. चांदीच्या लहान कणांना ४०० च्या जवळ. चांदीचा प्रतिसाद जास्त धारदार असतो पण हवेतल्या गंधकाने ती काळवंडते, त्यामुळे पहिलं सॅम्पल सोन्याचंच करा. सोन्याची अडचण एवढीच की साधारण ५०० नॅनोमीटरच्या खाली ते स्वतःच प्रकाश खाऊन टाकतं, म्हणजे निळ्या भागात काही टोकदार मिळेल ही अपेक्षा सोडून द्यायची.

फटीचं काम फक्त जवळून चालतं. दोन कण एकमेकांना खेटायला आले की जोडीच्या अक्षाच्या दिशेने पोलराइज केलेल्या प्रकाशात (म्हणजे ज्याचं विद्युतक्षेत्र त्याच दिशेत डोलतं) पीक, म्हणजे कुबडाचं टोक, लालकडे सरकतं, आणि हे सरकणं फट वाढली की फार पटकन विरतं, साधारण कणाच्या व्यासाच्या ०.२ पट फट वाढली की एकतृतीयांशाच्या जवळ येतं. म्हणजे १०० नॅनोमीटरच्या कणाला २० नॅनोमीटर. तुमची जाळी ४५० नॅनोमीटर पीरियडची असेल तर दोन कणांमध्ये ३५० नॅनोमीटर मोकळी जागा आहे, तिथे फटीचा काही संबंध उरत नाही. तरीही लालकडे जास्तीचं कुबड दिसलं तर समजायचं की काही खड्ड्यांत दोन-दोन कण पडलेत.

तिसरा खेळाडू पीरियड. प्रत्येक कण थोडा प्रकाश विखुरतो, आणि तो शेजाऱ्यांपर्यंत बरोबर ठेक्यात पोचला तर सगळी जाळी एकत्र डोलायला लागते. वुडला १९०२ मध्ये ग्रेटिंगच्या (एकसारख्या बारीक रेघा कोरलेल्या पट्टीच्या) स्पेक्ट्रममध्ये अचानक चढउतार दिसले होते आणि रॅलेने १९०७ मध्ये त्यांच्या जागा पीरियडवरून समजावल्या, हे त्याच घराण्यातलं आहे. कणांच्या जाळीत इतक्या अरुंद रेषा मिळू शकतात हे झोउ आणि शॅट्झ यांनी २००४ मध्ये गणिताने दाखवलं, प्रयोगात त्या २००८ च्या सुमारास स्वच्छ दिसल्या. चार वर्षं का लागली याचं मोठं कारण पुढे झाकणाच्या पायरीत येईल.

पीरियड कागदावर ठरवा

चौकोनी जाळी आणि सरळ खाली पडणारा प्रकाश असेल तर हिशोब एका ओळीचा आहे. विखुरलेला प्रकाश ज्या तरंगलांबीला जाळीच्या प्रतलातून सरकत जातो तिला मी काठ म्हणतो, आणि काठाची तरंगलांबी म्हणजे पीरियड गुणिले भोवतालच्या माध्यमाचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (अपवर्तनांक). मी सॅम्पल पीडीएमएस नावाच्या सिलिकॉन रबरावर करतो, त्याचा इंडेक्स साधारण १.४२ धरा. मग ४५० पीरियडला काठ ६३९ नॅनोमीटरवर येतो. खरी डिप या काठाच्या थोडी लाल बाजूला बसते, अगदी काठावर नाही. षटकोनी जाळी असेल तर पीरियडऐवजी ओळींमधलं अंतर घ्यायचं, म्हणजे पीरियडच्या ०.८६६ पट, हे विसरून लोक अख्खा साचा चुकीच्या मापाचा बनवतात.

आता काठ कुठे पाडायचा? एकट्या कणाच्या पीकच्या लाल बाजूला. १०० नॅनोमीटरच्या सोन्याचं पीक पीडीएमएसमध्ये ५९० च्या जवळपास जातं, म्हणून ६३९ चा काठ छान बसतो. काठ पीकच्या निळ्या बाजूला पडला तर बारीक डिप तयारच होत नाही, नुसती एक खाच दिसते. आणि काठ फार लांब नेला, समजा ८००, तर डिप अजून बारीक होते पण इतकी उथळ की साध्या स्पेक्ट्रोमीटरला सापडत नाही.

कण मोठाच का, तर शोषण कणाच्या आकारमानाच्या प्रमाणात वाढतं पण विखुरणं आकारमानाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे व्यास दुप्पट केला की शोषण ८ पट होतं आणि विखुरणं ६४ पट. हे प्रमाण लहान कणांसाठी आहे, पण दिशा कळते. २० नॅनोमीटरचे कण कितीही सुंदर ओळीत बसवा, ते प्रकाश गिळून टाकतात, शेजाऱ्याला काही देतच नाहीत. ८० ते १२० च्या मधले घ्या.

साचा

सिलिकॉनचा मास्टर, म्हणजे मूळ ठसा, एखाद्या लिथोग्राफीची (नॅनोमीटर मापाची नक्षी कोरण्याची) सोय असलेल्या ठिकाणाहून एकदा करून घ्यायचा, त्यावर खड्ड्यांच्या जागी उंचवटे असतात, आणि त्यावरून पीडीएमएसच्या कितीही प्रती काढता येतात. १०० च्या कणाला खड्डा ११० ते १३० रुंद आणि निदान अर्ध्या कणाएवढा खोल ठेवा. रुंद केला की दोन कण शिरतात. मास्टरला आधी फ्लुओरोसिलेनची, म्हणजे चिकटू न देणाऱ्या रसायनाची, वाफ द्यायची (फ्यूम हूडमध्येच), नाहीतर रबर चिकटून मास्टर जातो. पीडीएमएसचे दोन भाग, बेस आणि क्युअरिंग एजंट, वजनाने १० ला १, नीट घोटायचं, बुडबुडे व्हॅक्यूममध्ये काढायचे, ७० अंशाला दोन-तीन तास. हातात लेटेक्सचे ग्लोव्ह नकोत, त्यातल्या गंधकामुळे पीडीएमएस जमत नाही आणि पृष्ठभाग चिकट राहतो. नायट्रिलचे घाला.

मास्टर हातात यायच्या आधी सराव करायचा असेल तर डीव्हीडीची खाचांची ओळ वापरा. ट्रॅकमधलं अंतर ७४० नॅनोमीटर असतं, कोरी डीव्हीडी कडेने उकलून दोन चकत्या वेगळ्या करायच्या, रंग इथेनॉलने धुवायचा आणि त्यावर पीडीएमएस ओतून ६० अंशाला जमवायचं. यातून कणांच्या रेघा मिळतात, चौकोनी जाळी नाही, आणि मुख्य काठ १०५० च्या आसपास म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशाच्या बाहेर जातो. पण थेंब कसा ओढायचा याचा हात यावरच बसतो, आणि महागाच्या मास्टरच्या प्रतींवर शिकण्यापेक्षा हे कधीही बरं.

कण तयार करणं

कण विकत घेतलेले असोत की स्वतः वाढवलेले, आकार एकसारखा पाहिजे. व्यासात दहा टक्क्यांच्या वर फरक असेल तर खड्डे भरण्यापासूनच बोंब सुरू होते. ४५० पीरियडच्या जाळीत एका चौरस मिलिमीटरला जवळजवळ ५० लाख खड्डे असतात, आणि १०० नॅनोमीटरच्या पातळ कोलॉइडमध्ये (कण तरंगत असलेल्या द्रवात), ऑप्टिकल डेन्सिटी म्हणजे प्रकाश अडवण्याचं माप १ असताना, एका मिलिलिटरला काही अब्ज कण असतात, म्हणजे आकड्याने पुरतात पण थेंबाच्या कडेला गर्दी व्हायला हवी तेवढे दाट नसतात. म्हणून सेंट्रिफ्यूज करून दहा-वीस पट दाट करा. या आकाराला १००० जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या हजार पट) आसपास दहा मिनिटं पुरतात, जास्त जोरात फिरवलं की पेलेट, म्हणजे तळाशी बसलेला कणांचा गोळा, असा आवळतो की परत सुटत नाही. पेलेट कोरडा पडू द्यायचा नाही, वरचं पाणीसुद्धा पूर्ण काढायचं नाही.

सायट्रेटवाले कण (ज्यांच्यावर नुसतं सायट्रेटचं आवरण असतं) मिठाच्या जराशा अंशानेही एकमेकांना चिकटतात आणि द्रव लालसरचा निळा-करडा होतो, तो एकदा झाला की परत फिरत नाही, टाकून द्यायचा. म्हणून दाट करायच्या आधी कणांना थायॉल-पेगचं (टोकाला गंधक असलेल्या, सोन्याला चिकटणाऱ्या पॉलिमरचं) आवरण देऊन जास्तीचं धुऊन टाकलेलं चांगलं. मोकळं थायॉल उरलं तर पुढे वरून ओतलेलं पीडीएमएस नीट जमत नाही, तिथेही गंधकच नडतो. प्रत्येक पायरीनंतर स्पेक्ट्रम घेऊन ठेवा, पीकच्या लाल बाजूला शेपूट वाढायला लागलं की गुठळ्या व्हायला लागल्यात.

थेंब ओढणं

ही सगळ्यात हातखंड्याची पायरी, इथे घाई चालत नाही. साचा एका स्टेजवर ठेवायचा, वर काचेची पट्टी एखाद्या मिलिमीटरच्या अंतरावर स्थिर धरायची, मध्ये कोलॉइडचा थेंब, आणि साचा खालून हळूहळू ओढायचा म्हणजे थेंबाची कड खड्ड्यांवरून मागे सरकत जाते. कडेला पाणी उडून जातं, त्या जागी मागून द्रव वाहत येतो आणि बरोबर कण आणतो, त्यामुळे कडेशी कणांची एक दाट पट्टी तयार होते. कड खड्ड्यावर क्षणभर अडकते, मेनिस्कस, म्हणजे द्रवाचा वक्र पृष्ठभाग, वाकतो आणि कणाला वरून खाली दाबतो. कण आत बसतो, कड पुढे निसटते.

हे चालायला मागे सरकणारी कड पृष्ठभागाशी ३० ते ६० अंशांचा कोन करायला हवी. पीडीएमएस पाण्याला दूर ढकलतं म्हणून कोन फार मोठा होतो आणि एकही खड्डा भरत नाही, त्यासाठी थेंबात अगदी थोडं सर्फॅक्टंट (साबणासारखं द्रव्य) घालतात. जास्त घातलं की कोन कोसळतो आणि कण खड्ड्यात न जाता सगळीकडे थर करून बसतात. माझी पद्धत अशी की तीन-चार प्रमाणं करायची आणि नक्षी नसलेल्या पीडीएमएसच्या तुकड्यावर ओढून बघायची, सपाट भागावर कड स्वच्छ सरकली आणि मागे काही सांडलं नाही तर ते प्रमाण बरोबर.

साच्याचं तापमान खोलीच्या ड्यू पॉइंटपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं त्यापेक्षा) १० ते २० अंश वर ठेवा. नुसतं खोलीचं तापमान बघून भागत नाही, दमट दिवशी तीच सेटिंग चालत नाही, म्हणून दर वेळी आर्द्रता लिहून ठेवा. वेग सेकंदाला १ ते २ मायक्रोमीटर, म्हणजे ५ मिलिमीटरचा पट्टा ओढायला पाऊण ते दीड तास. जमलं की नाही हे मायक्रोस्कोपखाली लगेच कळतं, कडेशी कणांची गर्दी झालेली एक गडद पट्टी दिसते आणि ती कडेबरोबर चालत राहते. पट्टी नसेल तर थांबू नका पण वेग कमी करा, पट्टी तयार व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि पहिला अर्धा-एक मिलिमीटर वाया जातो तो जाऊ द्या.

दहा टक्के खड्डे रिकामे राहिले तरी घाबरू नका, डिपची खोली कमी होते पण जागा सहसा हलत नाही. दोन-दोन कण पडलेले खड्डे मात्र जास्त त्रास देतात.

झाकण, ज्यावर सगळं अवलंबून आहे

आत्ता तुमच्या कणांच्या खाली पीडीएमएस आहे, इंडेक्स १.४२, आणि वर हवा, इंडेक्स १. म्हणजे खालचा काठ ६३९ वर आणि वरचा ४५० वर. कणांनी विखुरलेला प्रकाश जाळीच्या प्रतलातून सरकत शेजाऱ्याकडे जायला हवा, पण वरच्या आणि खालच्या बाजूला त्याचा ठेका वेगळा, मग एकत्र डोलणं मोडतं. माझ्या पहिल्या सॅम्पलमध्ये भरण उत्तम झालं होतं, स्पेक्ट्रममध्ये मात्र नुसतं पसरट कुबड, आणि मी दोन आठवडे कणांनाच दोष देत बसलो होतो.

उपाय सोपा आहे, वरसुद्धा १.४२ च करा. पटकन तपासायला ग्लिसरॉल आणि पाणी वजनाने दोनास एक मिसळा, त्याचा इंडेक्स १.४२ च्या जवळ येतो, एक थेंब टाका, कव्हरस्लिप ठेवा. पृष्ठभाग आधी थोडा प्लाझ्मामध्ये (आयनित वायूत, म्हणजे त्यावर पाणी पसरतं) ठेवला नाही तर बारीक हवा अडकून राहते. पहिल्यांदा केलं तेव्हा स्पेक्ट्रोमीटर चालू ठेवूनच थेंब टाकला होता. थेंब पसरत गेला तसं पसरट कुबड आधी जरासं लालकडे सरकलं, मग ६५० च्या जवळ एक खळगा पडला, आणि हवेचा शेवटचा बुडबुडा कडेने निघून गेला तशी ती खाच खोल आणि टोकदार होत स्क्रीनवर उभी राहिली. सॅम्पल तेच होतं, फक्त वरची हवा गेली होती.

बऱ्याच जणांच्या हाताशी मायक्रोस्कोपचं इमर्शन ऑइल असतं, ते १.५२ चं आहे, काचेवरच्या जाळीला उत्तम, पण पीडीएमएसवर ते पुन्हा विषमताच करतं. कायमचं सॅम्पल हवं असेल तर वरून तेच पीडीएमएस ओतून जमवा, याहून चांगली जुळणी दुसरी नाही.

मोजताना

दिवा हॅलोजन, प्रकाश समांतर. इथे लोक मायक्रोस्कोपचं मोठं ऑब्जेक्टिव्ह लावतात आणि डिप पुसून टाकतात. प्रकाश तिरका पडला की काठ दुभंगतो, एक भाग लालकडे आणि एक निळ्याकडे, आणि सरकणं असतं पीरियड गुणिले कोनाचा साइन. १० अंशांना ४५० पीरियडचे काठ ७१७ आणि ५६१ वर जातात. ऑब्जेक्टिव्हच्या शंकूत सगळे कोन एकदम असतात, न्यूमेरिकल ॲपर्चर (त्या शंकूच्या अर्ध्या कोनाचा साइन) ०.१ असलं तरी काठ ४५ नॅनोमीटर इकडेतिकडे फासला जातो, आणि ०.५ चं लावलं तर काही उरतच नाही. म्हणून दोन पिनहोल आणि लांब फोकसची भिंग घ्या, ॲपर्चर ०.०१ च्या जवळ आणा, प्रकाश कमी पडला तर एक्स्पोजर वाढवा.

रेफरन्स, म्हणजे तुलनेचा स्पेक्ट्रम, रिकाम्या काचेचा घेऊ नका. त्याच साच्याचा, त्याच झाकणाखालचा, पण कण नसलेला भाग घ्या. दिवा बंद करून डार्क स्पेक्ट्रम वजा करा. स्पेक्ट्रोमीटरची स्लिट १ ते २ नॅनोमीटरवर असू द्या, स्लिट १० ची असेल तर ८ ची डिप कशी दिसणार. एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) सगळ्यात शेवटी, कारण इलेक्ट्रॉनच्या झोताने पृष्ठभागावर कार्बन जमतो, आणि पीडीएमएस विजेला वाहू देत नाही म्हणून त्यावर कंडक्टिंग थर द्यावा लागतो, त्यानंतर ते सॅम्पल ऑप्टिक्ससाठी संपलं. कायमचं झाकण घालायचं असेल तर एसईएमसाठी शेजारचा एक तुकडा कापून बाजूला ठेवा.

गणिताशी ताडायचं असेल तर प्रत्येक कणाला एक डायपोल (मागेपुढे डोलणाऱ्या धन-ऋण प्रभारांची जोडी) धरून केलेला हिशोब डिपची जागा बऱ्यापैकी बरोबर देतो, एफडीटीडी (प्रकाशाची समीकरणं संगणकावर बारीक चौकटींत सोडवण्याची पद्धत) केलं तर सोन्याच्या प्रकाशीय गुणांसाठी जॉन्सन आणि क्रिस्टी यांचे १९७२ चे आकडे वापरा आणि कणाजवळ हिशोबाच्या चौकटी २ नॅनोमीटर किंवा त्याहून बारीक ठेवा.

डिप जाळीचीच आहे हे कसं सिद्ध करायचं

सॅम्पल थोडं तिरकं करा. डिप दुभंगून कोनाबरोबर वरच्या हिशोबाप्रमाणे चालायला लागली तर ती जाळीची, जागच्या जागी बसून राहिली तर ती कणाची किंवा फटीची.

दुसरी कसोटी मला जास्त आवडते, कारण त्यात डायपोलचा स्वभाव उघड दिसतो. डायपोल स्वतःच्या अक्षाच्या दिशेने प्रकाश फेकत नाही, आडवा फेकतो. म्हणून प्रकाश उभ्या दिशेने पोलराइज केला तर कण आडव्या शेजाऱ्यांशी बोलतात आणि आडवा पीरियड डिप ठरवतो. चौकोनी जाळीत हे दिसत नाही कारण दोन्ही पीरियड सारखे, पण तुमचं सॅम्पल रबराचं आहे. दोन्ही टोकं चिमट्यात धरून ५ टक्के ताणा. ताणाच्या दिशेचा पीरियड ४५० चा ४७२ होतो आणि आडवा आकसून ४३९ च्या आसपास येतो. आता पोलरायझर ताणाच्या दिशेला लावला की काठ ६३९ वरून ६२३ वर येतो, निळ्याकडे, आणि पोलरायझर ९० अंश फिरवला की तोच ६७१ वर जातो. पट्टी रुंद असेल आणि चिमटे जवळ असतील तर आडवं आकसणं कमी होतं आणि ६२३ ऐवजी आकडा ६३० च्या पुढे येतो, म्हणून पट्टी लांब आणि अरुंद कापा आणि मोजायचा ठिपका बरोबर मध्यावर घ्या.